आतड्यातली संप्रेरके, यकृतातली चरबी आणि मधुमेह

निरोगी माणसाला एके दिवशी ग्लुकोजचे पाणी प्यायला दिले आणि दुसऱ्या दिवशी ग्लुकोज शिरेतून अशा बेताने सोडले की रक्तातल्या साखरेचा आलेख आदल्या दिवशीच्या आलेखावर तंतोतंत बसावा, तर दोन्ही दिवशी स्वादुपिंडातून सारखेच इन्शुलिन सुटेल असे कोणालाही वाटेल. स्वादुपिंडाला कळते ती रक्तातली साखर, आणि ती तर दोन्ही दिवशी सारखीच आहे. प्रत्यक्षात मात्र तोंडावाटे घेतलेल्या ग्लुकोजला स्वादुपिंड कितीतरी जास्त इन्शुलिनने उत्तर देते. हा फरक इतका मोठा असतो की जेवणानंतर सुटणाऱ्या इन्शुलिनचा निम्मा किंवा त्याहूनही मोठा वाटा अन्न आतड्यातून गेल्यामुळे सुटतो, असे म्हणावे लागते. रक्तातले इन्शुलिन मोजण्याची पद्धत हाती आल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६४ मध्ये, ही गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. पुढे १९८६ मध्ये मायकेल नॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच तुलना टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांमध्ये केली, तेव्हा तोंड आणि शीर यांच्या प्रतिसादातला हा फरक त्यांच्यात बराच पुसट झालेला आढळला. मधुमेहात केवळ स्वादुपिंड थकते किंवा इन्शुलिनचा परिणाम घटतो एवढेच नाही, आतडे आणि स्वादुपिंड यांच्यातली देवाणघेवाणही बिघडते.

ही देवाणघेवाण ज्या संप्रेरकांमार्फत चालते त्यांची नक्कल करणारी इंजेक्शने गेल्या काही वर्षांत एवढी गाजली आहेत की मूळ संप्रेरकांविषयी कोणी फारसे बोलत नाही. आधी ती मधुमेहाची औषधे होती, मग वजन कमी करण्याची झाली, आणि आता यकृताच्या आजारावरही ती मान्य झाली आहेत. त्यावरून असा एक समज पसरलेला दिसतो की आतड्यातले एखादे संप्रेरक कमी पडल्यामुळे यकृतात चरबी साठते आणि इंजेक्शन ती उणीव भरून काढते. हा समज मला चुकीचा वाटतो, आणि निरुपद्रवीही वाटत नाही. एखादे संप्रेरक शरीरात काय करते हा एक प्रश्न आहे, आणि त्याच्या धर्तीवर बनवलेले औषध कितीतरी पट अधिक मात्रेत आठवडाभर रक्तात राहून काय करते हा दुसरा. यकृताच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत, तर औषधाकडून कुठे अपेक्षा ठेवावी आणि कुठे ठेवू नये हेही कळेनासे होते.

संप्रेरक ही कल्पनाच मुळात आतड्याच्या अभ्यासातून निघाली. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा बाजूला बांधून घेतला, त्याला जाणाऱ्या नसा कापल्या, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या, आणि त्या तुकड्यात सौम्य आम्ल सोडले. नसांचा संबंध तुटलेला असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग आतड्याचे आतले अस्तर खरवडून ते वाळू आणि आम्लासह घोटण्यात आले, गाळण्यात आले, आणि तो गाळीव द्रव कुत्र्याच्या शिरेत टोचण्यात आला. थोड्याच वेळात स्वादुपिंड पुन्हा पाझरू लागले. रक्तातून निरोप नेणाऱ्या त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सर्व द्रव्यांसाठी हार्मोन हा शब्द वापरात आणला. हेच सिक्रेटिन पित्तनलिकांच्या पेशींवरही काम करते आणि पित्तात अल्कधर्मी पाणी मिसळायला लावते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पहिले सापडलेले संप्रेरकच यकृताशी बोलणारे होते. लगेच १९०६ मध्ये लिव्हरपूलच्या काही डॉक्टरांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेहाच्या रुग्णांना तोंडाने देऊन पाहिला. इन्शुलिन हाती येण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे हा प्रयत्न झाला होता. कल्पना योग्य दिशेची होती, पण प्रथिनासारखे द्रव्य पोटात पचून जाणार, हा अडथळा पार करायला शतक जावे लागले.

आता शरीररचनेकडे येऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. आतड्यातून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून यकृतात जाते, तिथल्या सूक्ष्म वाहिन्यांतून झिरपते आणि मगच बाकीच्या शरीराला मिळते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश या मार्गाने येते. अन्नातले ग्लुकोज, अमिनो आम्ले, जिवाणूंनी तयार केलेली द्रव्ये, स्वादुपिंडातले इन्शुलिन आणि ग्लुकगॉन, आणि आतड्यातली सर्व संप्रेरके यांची पहिली गाठ यकृताशी पडते, आणि त्या वेळी त्यांचे प्रमाण दंडातून काढलेल्या रक्तात दिसते त्याहून बरेच जास्त असते. इन्शुलिनचेच पाहा. स्वादुपिंडातून निघालेल्या इन्शुलिनपैकी साधारण निम्मे यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते. म्हणून रक्त तपासून एखाद्याचे इन्शुलिन जास्त आढळले, तर ते स्वादुपिंड जास्त बनवते म्हणून की चरबीने भरलेले यकृत ते कमी काढून घेते म्हणून, हे त्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही.

मधुमेहाच्या संदर्भात आतड्यातली दोन संप्रेरके महत्त्वाची आहेत. लहान आतड्याच्या वरच्या भागातल्या के पेशींमधून जीआयपी सुटते, आणि मुख्यतः खालच्या भागात व मोठ्या आतड्यात दाटीने असणाऱ्या एल पेशींमधून जीएलपी-१ सुटते. एल पेशी जवळून पाहण्यासारखी आहे. अस्तरातल्या असंख्य शोषक पेशींच्या रांगेत ती एकटीदुकटी बसलेली असते. तिचे निमुळते टोक आतड्याच्या पोकळीत डोकावते आणि समोरून जाणाऱ्या ग्लुकोजची, मेदाम्लांची, पित्ताम्लांची चव घेते, तर तिच्या रुंद बुडाशी संप्रेरकाच्या पुटिका साठवलेल्या असतात आणि त्या रक्तवाहिनीच्या बाजूला रित्या होतात. ज्या प्रथिनापासून स्वादुपिंडातली अल्फा पेशी ग्लुकगॉन तयार करते, तेच प्रथिन एल पेशी वेगळ्या ठिकाणी कापते, आणि त्यातून जीएलपी-१, जीएलपी-२ आणि ऑक्सिंटोमोड्युलिन बाहेर पडतात. एकाच जनुकातून साखर वाढवणारे ग्लुकगॉनही निघते आणि साखर उतरवणारे जीएलपी-१ देखील. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे जनुक वाचले गेले, आणि १९८७ पर्यंत स्वेतलाना मॉयसोव्ह, जोएल हॅबनर, डॅनियल ड्रकर, येन्स युल होल्स्ट आणि इतरांच्या कामातून जीएलपी-१ चा नेमका कोणता तुकडा इन्शुलिन सोडायला लावतो हे स्पष्ट झाले.

या तुकड्याचे आयुष्य फारच थोडे असते. डीपीपी-४ नावाचे एन्झाइम त्याला एल पेशीच्या दारातच गाठते. आतड्यातून बाहेर पडेपर्यंत साधारण चौथा हिस्सा शाबूत उरतो, यकृतात आणखी काही नष्ट होतो, आणि सर्वसाधारण रक्ताभिसरणात पोहोचतो तो जेमतेम १० ते १५ टक्के. तिथेही त्याचा अर्धायुकाल सुमारे दोन मिनिटांचाच. दूरवर निरोप पोहोचवायचा तर एवढी उधळपट्टी कशासाठी, असा प्रश्न पडतो, आणि त्याचे पटण्याजोगे उत्तर असे की नैसर्गिक जीएलपी-१ चे बरेचसे काम जवळच्या जवळ होते. आतड्याच्या भिंतीत आणि पोर्टल व्हेनच्या आसपास व्हेगस मज्जातंतूचे धागे असतात. संप्रेरक त्यांना जागे करते आणि पुढचा निरोप मज्जासंस्था नेते. औषध म्हणून दिलेले रेणू मात्र मुद्दाम या एन्झाइमला दाद न देणारे बनवलेले असतात. जीएलपी-१ च्या धर्तीवर बनवलेल्या सेमाग्लुटाइड या औषधाला मेदाम्लाची एक शेपटी जोडलेली असते, तिच्यामुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे एक आठवडा होतो. नैसर्गिक संप्रेरक जेवणानंतर थोडा वेळ, थोड्या जागेत उमटते. औषध अहोरात्र सगळीकडे असते. दोघांचे नाते एका कुळातले असले, तरी शरीराला येणारा अनुभव एकच आहे असे म्हणता येत नाही.

आठवडाभर टिकणाऱ्या रेणूची वाट एका सरड्याने दाखवली, हे जाता जाता सांगायला हवे. हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी एक्सेंडिन-४ सापडले. ते जीएलपी-१ शी निम्म्याहून अधिक जुळते आणि डीपीपी-४ ला सहजी बळी पडत नाही. त्यावरून बनवलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

टाइप २ मधुमेहात या दोन संप्रेरकांचे नेमके काय बिघडते याचे उत्तर १९९३ पर्यंत बरेचसे मिळाले होते. जीआयपी मुबलक सुटत असते, पण स्वादुपिंडातली इन्शुलिन बनवणारी बीटा पेशी तिला जवळजवळ दाद देत नाही. जीएलपी-१ शिरेतून जास्त मात्रेत दिले तर मात्र तीच पेशी पुन्हा इन्शुलिन सोडू लागते, ग्लुकगॉन खाली येते आणि उपाशीपोटीची वाढलेली साखरही काही तासांत सामान्य पातळीला येते. साखर उतरली की इन्शुलिनचा जोर आपोआप ओसरतो, म्हणून साखर धोकादायक खाली जाण्याची भीती कमी. जीएलपी-१ चे स्वतःचे स्रवण मधुमेहात फार मोठ्या प्रमाणात घटलेले असते, असे मात्र सर्व अभ्यासांत दिसत नाही. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन देणे म्हणजे नसलेली वस्तू देणे आहे. टाइप २ मध्ये जीएलपी-१ चे औषध देणे म्हणजे ज्या कुलपात अजून किल्ली फिरते तिथे जोर लावणे आहे.

आता यकृत. मद्यामुळे न झालेल्या, पण दारुड्याच्या यकृतासारख्याच दिसणाऱ्या यकृतदाहाला १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी नाव दिले, आणि २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या एकमताने या संपूर्ण आजाराचे नाव बदलून त्यात चयापचयाच्या बिघाडाचा थेट उल्लेख करण्यात आला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला आता एमएएसएलडी म्हणतात, आणि त्यातल्या दाहाच्या अवस्थेला एमएएसएच. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना तो असावा, आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये निम्म्याहून अधिकांना. बोलताना आपण त्याला फॅटी लिव्हर म्हणतो आणि सोनोग्राफीच्या अहवालात ते दोन शब्द दिसले की तेलकट खाणे कमी करायचे ठरवतो. ही चरबी येते कुठून, याचा मागोवा २००५ मध्ये एका अभ्यासात खुणा घातलेल्या रेणूंच्या मदतीने घेतला गेला. यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातल्या मेदसाठ्यातून सुटलेल्या मेदाम्लांची होती, २६ टक्के यकृताने कर्बोदकांपासून स्वतः बनवलेली, आणि जेवणातल्या स्निग्धांशातून थेट आलेली केवळ १५ टक्के.

या तीन आकड्यांत मधुमेहाशी असलेले सगळे नाते सामावले आहे. इन्शुलिनचे एक मोठे काम म्हणजे मेदपेशींना चरबी सोडण्यापासून रोखणे. मेदपेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की मेदाम्ले रक्तात सुटत राहतात आणि यकृतात येऊन पडतात. स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडून भरपाई करू पाहते. त्या वाढीव इन्शुलिनमुळे यकृताची साखर बनवण्याची सवय फारशी मोडत नाही, पण साखरेपासून चरबी बनवण्याचा उद्योग मात्र वाढतो. चरबीने भरलेले यकृत रात्रभर जास्त ग्लुकोज सोडते, सकाळची उपाशीपोटीची साखर चढते, इन्शुलिन आणखी वाढते. मधुमेहामुळे यकृत बिघडते की यकृतामुळे मधुमेह होतो, असे विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही दिशांनी वाहतूक चालू असते.

बायोप्सीच्या काचपट्टीवर हे कसे दिसते तेही पाहण्यासारखे आहे. निरोगी यकृतपेशी गुलाबी, भरीव आणि कोनाकोनाच्या असतात व ओळीने लागलेल्या असतात. चरबी भरलेल्या पेशीत एक मोठा पांढरा पोकळ गोल दिसतो आणि केंद्रक कडेला ढकलले गेलेले असते. हा पोकळ गोल म्हणजे चरबीच, ती काचपट्टी तयार करताना विरघळून गेलेली असते. एवढेच असेल तर ती साधी चरबी. पण काही पेशी फुगून गोल झालेल्या, आतून विरळ आणि तंतुमय गाठी असलेल्या दिसू लागल्या, भोवती दाहाच्या पेशी जमल्या, की त्याला यकृतदाह म्हणायचे. आणि पेशींच्या मधल्या फटींत कोलॅजनचे बारीक धागे विणले जाऊ लागले की तो फायब्रोसिस. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या असतात आणि चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस, यकृत अशा धाग्यांनी भरून गाठाळ आणि कडक होणे. रुग्णाचे पुढे काय होणार हे चरबी किती आहे यावर फारसे ठरत नाही. ते या धाग्यांवर ठरते. औषधाच्या चाचणीची बातमी वाचताना मी आधी फायब्रोसिसचा आकडा शोधतो तो यासाठी.

यकृत आतड्याचे आणि स्वादुपिंडाचे निरोप घेते, तसे ते उलट निरोप धाडतेही, आणि आजारात हे दोन्ही मार्ग अडतात. ग्लुकगॉनचे उदाहरण घेऊ. ते यकृताला साखर सोडायला सांगते एवढेच आपण शिकलेलो असतो, पण अमिनो आम्लांचे विघटन करून युरिया बनवायला लावणे हेही त्याचे काम आहे, आणि कदाचित रोजच्या दृष्टीने तेच मोठे. चरबीने भरलेले यकृत या निरोपाला नीट प्रतिसाद देत नाही. अमिनो आम्ले रक्तात साठतात. ती अल्फा पेशींना अधिक ग्लुकगॉन सोडायला लावतात. आणि ते वाढलेले ग्लुकगॉन यकृतातून साखर मात्र सोडवतच राहते. टाइप २ मधुमेहात ग्लुकगॉन जास्त का असते, या जुन्या कोड्याचा एक धागा असा यकृतात सापडतो.

दुसरा मार्ग पित्ताचा. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, ती आतड्यात जातात, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बहुतेक सगळी परत शोषली जातात. तिथल्या पेशींमधला एफएक्सआर हा ग्राहक, म्हणजे निरोप टिपणारे प्रथिन (रिसेप्टर), पित्ताम्लांनी जागा होतो आणि एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरक पोर्टल व्हेनमधून यकृताकडे रवाना होते. निरोप असा की पित्ताम्ले पुरेशी आहेत, आता उत्पादन थांबवा. हेच संप्रेरक यकृतातली चरबीनिर्मितीही आवरते. पित्ताम्ले एल पेशींवरच्या टीजीआर-५ या दुसऱ्या ग्राहकालाही चाळवतात आणि जीएलपी-१ चे स्रवण वाढवतात. कागदावर ही साखळी इतकी सुबक आहे की औषध इथेच मिळणार असे अनेकांना वाटले होते. एफजीएफ-१९ सारख्या अल्डाफर्मिनने यकृतातली चरबी उतरवली, पण २०२१ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत फायब्रोसिसचे मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. एफएक्सआरला जागे करणाऱ्या ओबेटिकोलिक आम्लाने फायब्रोसिसवर थोडा परिणाम दाखवला, पण खाज आणि वाढणारे एलडीएल कोलेस्टेरॉल आडवे आले, आणि अमेरिकी नियामकाने या आजारासाठी ते २०२० आणि २०२३ अशा दोन्ही वेळा नाकारले. यकृताशी थेट बोलणारी संप्रेरके अशी मागे पडली, आणि पुढे गेली ती यकृताशी थेट बोलत नसलेली.

कारण हेच विलक्षण आहे: यकृतपेशीवर जीएलपी-१ चा ग्राहक जवळपास नसतोच. सुरुवातीच्या काही अभ्यासांत तो असल्याचे म्हटले गेले, पण वापरलेली प्रतिपिंडे भरवशाची नव्हती हे पुढे लक्षात आले. तरीही लिराग्लुटाइड या जीएलपी-१ च्या धर्तीच्या औषधाच्या ५२ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत, २०१६ मध्ये, औषध घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचा यकृतदाह निवळला, तर औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या द्रवावर असलेल्यांपैकी ९ टक्क्यांचा. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मधल्या चाचणीत सर्वात मोठ्या मात्रेला ५९ टक्के विरुद्ध १७ टक्के असा फरक दिसला. फायब्रोसिसमध्ये मात्र ठाम फरक सिद्ध झाला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात, ८०० रुग्णांना ७२ आठवडे पाहिल्यावर, यकृतदाह ६२.९ टक्के विरुद्ध ३४.३ टक्के लोकांत निवळला आणि फायब्रोसिस ३६.८ विरुद्ध २२.४ टक्के लोकांत किमान एक पायरी उतरला. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते पुढच्या टप्प्यातल्या, पण सिरॉसिसपर्यंत न पोहोचलेल्या फायब्रोसिससाठी हे औषध मान्य झाले.

हे आकडे चांगले आहेत, पण ते वाचताना दोन गोष्टी सुटू नयेत. खरे औषध न मिळालेल्यांपैकीही एक तृतीयांश लोकांचा दाह निवळला. चाचणीत आल्यामुळे बदललेले खाणेपिणे आणि बायोप्सीच्या इवल्याशा तुकड्याची नशिबावर अवलंबून असणारी जागा, दोन्ही त्यात आले. आणि फायब्रोसिसमधला निव्वळ फरक साधारण १४ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे सात जणांवर दीड वर्ष उपचार केले तर एकाला बायोप्सीत दिसणारा जास्तीचा लाभ. सिरॉसिस झालेल्या ७१ रुग्णांवर ४८ आठवडे सेमाग्लुटाइड वापरून पाहिले, तेव्हा यकृतातली चरबी उतरली, पण फायब्रोसिसमध्ये फरक पडला नाही.

ग्राहक नसलेल्या अवयवावर परिणाम होतो कसा? भूक कमी होते, वजन उतरते, मेदपेशींतून सुटणारी मेदाम्ले घटतात, इन्शुलिन खाली येते, यकृताची स्वतःची चरबीनिर्मिती मंदावते. वर सांगितलेल्या ५९ आणि २६ टक्क्यांच्या दोन्ही नळ्या आवळल्या जातात. याला पाठिंबा देणारा पुरावा डीपीपी-४ रोखणाऱ्या सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांतून मिळतो. त्या शरीरातले नैसर्गिक जीएलपी-१ दोन-तीन पटींनी वाढवतात, साखरही थोडी उतरवतात, पण त्यांनी वजन घटत नाही आणि यकृतातल्या चरबीवर लक्षणीय फरक पडत नाही. उलट बाजूने पाहिले तर, न्यूकॅसलमध्ये रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ मधुमेही रुग्णांना आठ आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला, तेव्हा एकाच आठवड्यात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली; कोणतेही संप्रेरक टोचलेले नव्हते. क्युबातल्या २०१५ मधल्या अभ्यासात ज्यांचे वजन १० टक्के किंवा अधिक घटले, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांचा यकृतदाह निवळला. वजन इतके घटवणे फार थोड्यांना जमते, हीच खरी अडचण होती, आणि औषधाने सोपे केले ते नेमके हेच. दाह शमवण्याचा थोडा स्वतंत्र परिणामही असू शकतो, पण मुख्य श्रेय भुकेलाच द्यावे लागेल.

जठराची बायपास शस्त्रक्रिया या चित्रात मध्येच कुठेतरी बसते. तीत अन्न लवकर खालच्या आतड्यात पोहोचते, एल पेशींवर एकदम आदळते आणि जेवणानंतरचे जीएलपी-१ अनेक पटींनी चढते. मधुमेह वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांत सुधारतो. पण त्याच दिवसांत रुग्ण जवळजवळ काहीच खात नसतो, त्यामुळे श्रेय कोणाचे हा वाद अजून संपलेला नाही.

नव्या औषधांत मात्र यकृताला थेट हात घालण्याचा प्रयत्न परत आला आहे. टिर्झेपाटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ या दोघांच्या ग्राहकांवर काम करते; २०२४ मध्ये १९० रुग्णांच्या चाचणीत त्याच्या सर्वात मोठ्या मात्रेने ६२ टक्के रुग्णांचा दाह निवळला, तुलनेच्या गटात १० टक्क्यांचा. सर्व्होड्युटाइडमध्ये जीएलपी-१ च्या जोडीला ग्लुकगॉनचा परिणाम घातला आहे. मधुमेहात आधीच जास्त असलेले ग्लुकगॉन आणखी कशाला, असे वाटेल. पण ग्लुकगॉनचा ग्राहक यकृतपेशीवर भरपूर असतो आणि तो चरबी जाळायला लावतो, आणि त्यामुळे चढू पाहणारी साखर जीएलपी-१ सावरते. मला या सगळ्यात सर्वाधिक कुतूहल याच जोडीविषयी आहे.

मधुमेह असलेल्या माणसाने यातून व्यवहारात काय घ्यावे? यकृताची एन्झाइमे सामान्य आहेत म्हणून यकृत ठीक आहे, असे धरून चालू नये. फायब्रोसिसचा अंदाज देणारे फिब-४ नावाचे एक साधे गणित आहे: वयाला एएसटीने गुणायचे, आणि त्याला प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ याने भागायचे (एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची दोन एन्झाइमे). समजा वय ६०, एएसटी ३८, एएलटी ३६ आणि प्लेटलेट एक लाख ऐंशी हजार, म्हणजे सूत्रात १८०. वरचा गुणाकार २,२८०, खालचा १,०८०, उत्तर २.१. दोन्ही एन्झाइमे बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत आहेत, अहवालावर कुठेही लाल खूण नाही, आणि तरी उत्तर १.३ च्या वर गेल्यामुळे फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी, करून पाहण्याची गरज आहे. २.६७ च्या वर गेले तर यकृततज्ज्ञाकडे जायलाच हवे. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात.

औषध सुरू झाले तर पित्ताशयाकडे लक्ष ठेवावे, कारण जीएलपी-१ पित्ताशयाचे आकुंचन मंदावते आणि झपाट्याने वजन उतरतानाही खडे होतात. उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही हिस्सा असतो, आणि यकृताच्या पुढच्या टप्प्यातल्या आजारात स्नायू घटणे स्वतःच धोक्याचे असते. पुरेसे प्रथिन आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम हा तिथे उपचाराचाच भाग होतो. औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे सेमाग्लुटाइडच्या पाठपुराव्यात दिसले आहे, आणि वजन परतले की यकृतातल्या चरबीच्या नळ्याही पुन्हा उघडणार. सिरॉसिस झालेला असेल, तर आणखी एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून घ्यावी. अशा रुग्णांत रक्तपेशींचे आयुष्य कमी झालेले असते, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी खरी साखर असते त्यापेक्षा कमी दाखवते, आणि उपचाराचा निर्णय ग्लुकोमीटरच्या किंवा सतत साखर मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदींवरूनच घ्यावा लागतो.